फोड रंगाचा की बुडाचा?

वर्ध्यात फायबरचं काम म्हटलं की लोकांना कूलरची बॉडी, पाण्याची टाकी, बाथरूमचं दार आणि मंडपातले नक्षीचे खांब एवढंच आठवतं. माझाही वर्षाचा धंदा त्यावरच चालतो. पण एप्रिल लागला, बोर, धाम, पोथरा, निम्न वर्धा या धरणांचं पाणी खाली सरकलं, की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उलट्या घातलेल्या बोटी दारात यायला लागतात. मच्छीमार सोसायट्यांच्या असतात, पर्यटकांना फिरवणाऱ्या असतात, कधी पुरासाठी किंवा पवनारच्या विसर्जनाच्या बंदोबस्तासाठी ठेवलेल्या असतात. बहुतेक जुन्या, दहा-पंधरा वर्षं पाण्यात काढलेल्या. तक्रार ठरलेली: "भाऊ, बुडाले फोडं आले."

फोड आले हे सांगायला माणूस लागत नाही. ते रंगात आहेत की फायबरमध्ये, हे ओळखायला लागतो. यातला एक आजार हजार-दोन हजारांत निघतो, दुसऱ्यात उन्हाळा जातो. समुद्रावरच्या कारागिरांचं शास्त्र ऐकून-वाचून घेतलं आहे. पण आपलं पाणी वेगळं, ऊन वेगळं, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा माल तर अगदीच वेगळा. तेव्हा हे आपल्याकडचे अनुभवाचे बोल.

१. गोडं पाणी फायबरला सोपं असतं, हे आधी डोक्यातून काढा.

"गोडं पानी हाय जी आपलं, त्यात काय सडते?" हे मला प्रत्येक सोसायटीच्या अध्यक्षांनी ऐकवलं आहे. लोखंडाच्या बाबतीत ते बरोबर आहे. खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर जातं. फायबरच्या फोडांचं गणित उलटं आहे.

बोटीच्या बाहेरून जो चकचकीत थर असतो तो जेलकोट. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या आत काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन. जेलकोटमधून पाणी वाहत नाही, पण वाफेच्या रूपात फार सावकाश आत झिरपतं. आत रेझिन बनवताना उरलेलं ग्लायकॉल, आम्ल, मॅटचे तंतू धरून ठेवणारा चिकटा अशी पाण्यात विरघळणारी द्रव्यं असतात. ती झिरपलेल्या पाण्यात विरघळली की आत घट्ट द्रावण तयार होतं आणि ते बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतं. मनुका पाण्यात टाकली की फुगते, तोच हा प्रकार. फ्रान्समध्ये नोले नावाच्या धर्मगुरूने १७४८ साली दारूवर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा बांधून तो पाण्यात ठेवला आणि पडदा फुगून वर आला. आजच्या शाळेच्या पुस्तकात त्याला परासरण म्हणतात.

बाहेरचं पाणी जितकं गोडं, तितकी ही ओढ जास्त. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्यामुळे बाहेरची बाजूही थोडी घट्ट असते, ओढ कमी पडते. आपलं धरणाचं पाणी गोडं, वरून उन्हाने कोमट झालेलं, आणि बोट वर्षातला बहुतेक काळ त्यातच बांधलेली. तिन्ही गोष्टी फोडांना पोषक. वेंगुर्ल्याची बोट तरली म्हणून बोरची तरेल, असं धरू नका.

२. बोट पाण्यातून निघेल त्याच दिवशी बघा.

परासरणाचे फोड पाण्याच्या जोरावर उभे असतात. बोट बाहेर काढून कडक उन्हात ठेवली की काही दिवसांत ते बसतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बोटी महिनाभर धरणाच्या कोरड्या काठावर पालथ्या पडून आलेल्या असतात. मालक म्हणतो, "तवा लई होते, आता दिसूनच नाही राह्यले." बरे झालेले नसतात, आटलेले असतात.

म्हणून बोट काढताना मेणखडू बरोबर न्यावा. बूड पुसून, ओलं असतानाच, तिरप्या उजेडात बघावं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, डोळा बुडाला लावून लांबवर पाहिलं की फोडांच्या सावल्या पडतात. प्रत्येक फोडाभोवती गोल काढायचा. भर दुपारी वरून पाहिलं तर अर्धे दिसत नाहीत. मोबाइलने फोटो काढतानाही प्रकाश बाजूने येऊ द्या.

३. फोड किती यापेक्षा कुठे, हे आधी विचारा.

सगळे गोल काढून झाले की दहा पावलं मागे जायचं. आजाराचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

फोड फक्त पाण्याच्या रेषेखाली असतील तर पाण्याचा संबंध आहे, एवढं नक्की. पण पाण्याचा संबंध म्हणजे परासरणच, असं नाही. साधा रंगही पाण्याखालीच सुटतो. फोड पाण्याच्या रेषेच्या वर, काठाच्या पट्टीवर, नाव लिहिलेल्या जागी असतील तर तो उन्हाचा किंवा रंगकामाचा प्रकार. एकाच बाजूला असतील तर ती बाजू दक्षिणेकडे तोंड करून पडली होती का, ते विचारा. एका चौकोनी तुकड्यातच असतील तर तिथे जुनी दुरुस्ती आहे. लांबी भरून रंग मारलेला आहे. बुडाला दोन समांतर पट्ट्यांत असतील तर बोट ज्या ओंडक्यांवर ठेवली होती तिथे ओल धरली होती.

सगळीकडे सारखे, मोहरीएवढे, आणि बोट रंगवल्यानंतर पाण्यात उतरण्याआधीच आलेले असतील, तर पाण्याला दोष देऊ नका. ते रंगाऱ्याचं काम आहे.

आणखी एक. धरणाच्या पिचिंगच्या दगडांवरून ओढून ओढून ज्या बोटीचा कणा पांढरा फटफटीत झालेला असतो, तिथे फोड मिळतच नाहीत. मालक खूष असतो. तिथे जेलकोटच उरलेला नसतो, मग फुगणार काय? पाणी थेट मॅटमध्ये जातं. फोड दिसत नाही म्हणून ती जागा चांगली समजू नये. सगळ्यात आधी तिथे नख लावून बघावं. तंतू उठत असतील तर ती जागा फोडांपेक्षा वाईट आहे.

४. फोडाचं टोपण बघू नका, तळ बघा.

सगळ्या तपासणीत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. आधी चष्मा घाला. हे गमतीत सांगत नाही. आत दाब असतो; टोच्याचं टोक लागल्याबरोबर चिळकांडी उडते आणि त्या पाण्यात आम्ल असतं.

एकच फोड फोडून चालत नाही. निरनिराळ्या जागचे, लहान-मोठे निवडायचे. टोचून पाणी गेलं की टोपण पटाशीने हळूच उचलायचं आणि ते फेकून द्यायचं नाही, उलटं करून बघायचं. मग खड्ड्याच्या तळाशी काय आहे ते.

तळाशी जुना रंगच दिसला, म्हणजे हिरव्याखाली निळा, आणि निळा घट्ट बसलेला, तर भांडण दोन रंगांमधलं आहे. वरचा रंग मारताना खालचा घासला नव्हता, किंवा त्यावर मासळीचं तेल, शेवाळाचा चिकट थर तसाच होता. बूड चांगलं आहे.

तळाशी गुळगुळीत, चमकदार जेलकोट दिसला आणि टोपणाची आतली बाजूही तशीच काचेसारखी असेल, तर रंग बोटीला कधी धरलाच नव्हता. साच्यातून बोट सुटावी म्हणून साच्याला मेण लावतात. ते जेलकोटवर येतं. नवी बोट आणली, थिनरने पुसली, रंग मारला, असं केलं की मेण पसरतं, जात नाही. हेही बूड चांगलं.

टोपण म्हणून जेलकोटच हातात आला, तळ खरबरीत, ओला आणि त्यात तंतू दिसत असतील, तर ते परासरण. रंगाचा यात काही दोष नाही.

टोपण जाड असेल, त्याला मॅटचा एक थर चिकटून आला असेल आणि खड्डा तळहाताएवढा असेल, तर फायबरचे थर एकमेकांपासून सुटले आहेत. तिथे गप्पा थांबवायच्या आणि बोट सावलीत घ्यायची.

सेलू तालुक्यातल्या एका सोसायटीची बोट होती. बुडाला पन्नास पैशांच्या नाण्याएवढे फोड, भरपूर. अध्यक्षांनी नव्या बोटीचं कोटेशनही आणलेलं. एका फोडाच्या कडेने ओला वॉटर पेपर गोल गोल फिरवला, हलक्या हाताने. हिरवा गेला, त्याखाली आकाशी आला, त्याखाली पुन्हा हिरवा, मग मातकट रेडऑक्साइड, मग पांढरा, आणि सगळ्यात आत मूळ जेलकोट, पिवळट पण शाबूत. प्रत्येक कडी दरवर्षीच्या एकेका रंगाची. फोड सगळे वरच्या दोन कड्यांमध्ये. अध्यक्ष वाकून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हंजे आमीच चढवलं हे समदं." कोटेशन खिशात परत गेलं.

५. नाक आणि बोटं वापरा. लिटमसला फार पैसे पडत नाहीत.

फोडातलं पाणी साधं, पातळ, बिनवासाचं असेल तर ते रंगाखाली शिरलेलं धरणाचं पाणी. आंबूस, व्हिनेगरसारखा किंवा रेझिनच्या डब्यासारखा तिखट वास आला आणि दोन बोटांत चोळल्यावर बुळबुळीत, तेलकट लागलं तर ते आतून आलेलं आहे. खात्रीसाठी निळा लिटमस कागद टेकवावा. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे तो मिळतो, नसेल तर मत्स्यालयवाल्याकडे पीएचच्या पट्ट्या असतात. तांबडा झाला की आम्ल. बोटं लगेच साबणाने धुवा. मात्र फोडताना फोडच निवडा, उघडी भेग नको. तिथलं द्रावण वाहून गेलेलं असतं आणि लिटमस काहीच सांगत नाही.

६. पाण्याखाली ऑइलपेंट टिकत नाही.

आपल्याकडच्या बुडाच्या फोडांचा सगळ्यात मोठा कारखाना हा आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी सोसायटीची पोरं हार्डवेअरमधून ऑइलपेंटचे डबे आणतात. ऑइलपेंट म्हणजे अल्किड एनॅमल. खिडकीच्या गजांना, लोखंडी गेटला, ट्रॉलीला झकास. सतत पाण्यात बुडून राहण्यासाठी तो बनवलेलाच नाही. पाण्यात तो मऊ पडतो, पकड सोडतो, आणि त्याखाली पाणी साचून फोड येतात. बोट वर काढली की तेच पोपडे होऊन निघतात. मग पुन्हा रंग.

"दरवर्षी रंगवतो ना जी आमी, तरी असं होऊन राह्यलं." तरी नाही हो, म्हणूनच.

पाण्याच्या रेषेच्या वर शोभेला कोणताही चांगला रंग मारा, माझी हरकत नाही. रेषेखाली मारायचाच असेल तर दोन डब्यांचा इपॉक्सी, पाण्यात बुडणाऱ्या कामासाठीचा. आणि जेलकोट शाबूत असेल तर रेषेखाली काहीच न मारणं हाही उत्तम उपाय आहे. तो मात्र कुणाला पटत नाही, कारण बोट नवी दिसत नाही. समुद्रावरचे लोक बुडाला कालवं चिकटू नयेत म्हणून तांब्याचा विषारी रंग मारतात. आपल्याकडे चढतं ते शेवाळ. त्यासाठी नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि थोडे कष्ट पुरे. मासे ज्या पाण्यात वाढवायचे त्यात विष कशाला सोडायचं? खुरप्याने आणि तारेच्या ब्रशने मात्र शेवाळ काढू नका.

अजून एक नमुना दिसतो: रंगावर एनसी थिनरचा रंग मारला की खालचा ऑइलपेंट आकसून सुरकुत्या पडतात. त्याला लोक फोड म्हणतात. तो फोड नव्हे. पाण्यात न उतरलेल्या बोटीवरही तासाभरात दिसतो.

७. मे महिन्यात दुपारी रंग आणि रेझिन दोन्ही बाजूला ठेवा.

वर्ध्याचा पारा मेमध्ये पंचेचाळीसच्या वर जातो आणि गडद रंगाचं पालथं बूड त्याहून कितीतरी जास्त तापतं. हात टेकवत नाही अशा पृष्ठभागावर रंग मारला की वरची साय लगेच धरते, आतलं थिनर अडकतं, आणि मग तेच वायू होऊन मोहरीएवढे फोड उठवतं. पहाटे सुरू करून नऊला ब्रश धुवायचा. राहिलेलं काम उद्या.

उन्हाच्या फोडांची एक खूण आहे. दुपारी दोनला फुगलेले असतात, सकाळी सहाला बसलेले. आत हवा किंवा थिनर असतं, पाणी नसतं. साचा भरताना जेलकोटमागे हवेचा बुडबुडा राहिला असेल तरीही हेच होतं. तसा फोड बोटाने दाबला की कुरकुरीत तुटतो आणि आतली पोकळी कोरडी निघते.

रेझिनचं दुखणं याहून खोल आहे, कारण ते आज दिसत नाही. उन्हाळ्यात मगातलं रेझिन हातातच दगड होतं, म्हणून कारागीर हार्डनर कमी टाकतो. साधारण एक ते दोन टक्के लागतं, तिथे अर्धा टक्का. काम आरामात होतं, पण रेझिन पूर्ण पिकत नाही. न पिकलेलं जे उरतं तेच पुढे पाण्यात विरघळून फोडांचं बियाणं होतं. वेळ हवा असेल तर कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर कमी करा, मगात रेझिन थोडंच घ्या, पहाटे काम करा. हार्डनर त्याच्या प्रमाणाखाली नेऊ नका. आणि नव्या पोरांसाठी, विषय सोडून का होईना: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका. भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं.

न पिकलेला जेलकोट ओळखायला अ‍ॅसिटोनचा बोळा एका जागी घासून बघतात. बोटाला चिकट लागलं तर तो जेलकोट कच्चा आहे. आधी रंग पूर्ण काढा, नाहीतर विरघळलेला रंगच चिकट लागेल.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणासारखा चिकट थर येतो. तो साध्या पाण्याने धुऊन मगच पुढचा हात मारायचा. न धुता मारला की दोन हातांमध्ये फोड, आणि दोष डब्याला.

८. बोटीची कुंडली मागा.

कुणी बनवली, कोणत्या साली, कोणत्या रेझिनमध्ये. बहुतेकांना रंगाचं नाव माहीत असतं, रेझिनचं नाही. आपल्याकडे स्वस्त बोटी जीपी म्हणजे साध्या पॉलिस्टर रेझिनमध्ये भरल्या जातात. पाणी सोसायला आयसो रेझिन चांगलं आणि व्हिनाइलएस्टर त्याहून सरस, दोन्ही महाग. लहान कारखान्यात तर जेलकोट विकतसुद्धा घेत नाहीत. जीपीतच एरोसिलची पावडर आणि रंगाची पेस्ट घोटून घरचा जेलकोट करतात. कूलरला तो चालतो. मी स्वतः कूलरला तोच वापरतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहणाऱ्या बुडाला नाही चालत. रेझिन पुरावं म्हणून चॉक पावडर घातलेली असेल तर विचारूच नका.

मॅटमध्येही दोन जाती: तंतू पावडरने धरलेली आणि इमल्शनने धरलेली. जेलकोटच्या लगेच मागे इमल्शनची मॅट आली की पाण्याला विरघळवायला खाद्य मिळतं. अमेरिकेत रोड आयलंड विद्यापीठातल्या रॉकेट आणि रोझ यांनी तिथल्या तटरक्षक दलासाठी १९८७ मध्ये बोटींच्या फोडांच्या कारणांवर अहवाल दिला, त्यातही पाण्यात विरघळणाऱ्या याच द्रव्यांकडे बोट दाखवलं आहे. समुद्र, शेवाळ, नशीब यांच्याकडे नव्हे.

कुंडली मिळाली नाही तर बोटच सांगते. आसनाखाली, जिथे रंग पोचलेला नसतो, तिथे टॉर्च मारून बघा. मॅट पांढरट, कोरडी, तंतू मोकळे दिसत असतील तर रेझिन भरताना हात आखडला होता. अशी बोट बाहेरून कितीही गुळगुळीत असो, मी तिची हमी देत नाही.

९. पाणी आतूनही येतं.

बाहेरचे फोड बघत बघत लोक आत बघायचं विसरतात. बाहेरून निदान जेलकोट असतो. आतून बहुधा नुसता रंगाचा हात. पावसाळाभर बोटीत पाणी साचलेलं, त्यात गाळ, मासळीचं उरलंसुरलं, आमिषाचं पीठ. ते आतून मॅटमध्ये मुरतं. बाहेर फोड बरोबर त्या खोलगट जागेखाली असतील तर तुम्ही चुकीच्या बाजूला औषध लावताय.

आसनाखालचे बंद कप्पेही तपासा. बोट उलटली तरी तरंगावी म्हणून त्यात फोम किंवा थर्माकोल असतो. एक भोक पाडून बोट तिरपी करा. पाणी वाहायला लागलं तर वजन कुठून वाढलं ते कळेल. "आधी चौघं उचलत होतो, आता सहा लागतात," असं कुणी म्हटलं की मी फोडांकडे नंतर वळतो. आणि थर्माकोल बदलताना त्यावर साधं पॉलिस्टर रेझिन ओतू नका, त्यातलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं. पीयू फोम वापरा.

१०. ओल मोजायला मीटरच हवा असं नाही.

स्वच्छ प्लास्टिकचा हात-दीड हात चौकोन, रंग काढलेल्या कोरड्या बुडावर चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायचा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यायचा. आतून दव जमलं तर बूड अजून पाणी सोडतंय. दोन-तीन जागी, पाण्याच्या रेषेखाली आणि एक वर, तुलनेला. भिंतीची ओल मोजायचा मीटर काहींकडे असतो. त्याचे आकडे एकाच बोटीच्या दोन जागांची तुलना करायला ठीक, पण आत लोखंडी पट्टी किंवा धातूचा रंग असला की तो वाटेल ते सांगतो. आकड्यावर बोट मोडीत काढू नका.

११. ऊन पाणी काढतं. त्यात विरघळलेलं द्रव्य काढत नाही.

परासरण ठरलं की आपल्याकडचा माणूस म्हणतो, विदर्भाचं ऊन आहे, दोन महिने पडू द्या. पाणी जातं, खरं आहे. कोकणात ज्याला महिने लागतात ते इथे एप्रिल-मेमध्ये लवकर होतं. पण ग्लायकॉल काही उडून जात नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं. आपला मे कितीही पेटला तरी तिथवर जात नाही. ते तिथेच चिकट थर होऊन बसतं आणि बोट पुन्हा पाण्यात गेली की पहिल्या दिवसापासून पाणी ओढायला लागतं. दुरुस्त केलेले फोड त्याच जागी परत येतात ते यामुळे.

म्हणून प्रत्येक फोड उघडा करून, कडा उतरत्या घासून, गरम पाण्याने धुवायचा. पुन्हा वाळवायचा, पुन्हा धुवायचा. लिटमसचा रंग बदलेनासा झाला आणि प्लास्टिकखाली दव थांबलं की मग भरायचं. भरायला गाडीवाल्यांची लांबी नको. ती पाणी शोषते. इपॉक्सीची पुट्टी आणि वरून इपॉक्सीचे जाड हात. इपॉक्सीवर नंतर पॉलिस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, हे लक्षात ठेवून शेवटचा थरही त्याला जुळणारा निवडायचा.

१२. थोड्या फोडांना घाबरू नका.

हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण खरं आहे. वीस-पंचवीस लहान फोड, तळाशी तंतू मजबूत, ठोकल्यावर आवाज खणखणीत, तर ती बोट अजून बरीच वर्षं मासळी आणेल. गोल काढा, फोटो ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात तुलना करा. फोड वाढत असतील तर बघू. सगळा जेलकोट सोलून नवा करायचा खर्च लहान मासेमारी बोटीच्या किमतीच्या जवळपास जातो, तेव्हा तो हिशेब आधी अध्यक्षांसमोर मांडतो.

घाबरायचंच तर दुसऱ्या गोष्टीला. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत बोट उलटून अकरा जणांचा जीव गेला. तेव्हापासून प्रवासी बोट घेऊन येणाऱ्याला मी फोडांआधी दोन प्रश्न विचारतो: किती माणसं बसवता, आणि लाइफ जॅकेट किती आहेत. त्यांना वाटतं मी विषय बदलतोय.

१३. मागची फळी ठोकल्याशिवाय बोट ताब्यात घेऊ नका.

रुपयाचं जाड नाणं किंवा हातोडीची प्लास्टिकची मूठ घ्यायची आणि बुडावर वीतभर अंतराने ठोकत जायचं. घट्ट जागा कडक वाजते, सुटलेली जागा बद्द वाजते. कान दोन मिनिटांत तयार होतो. बद्द आवाजाच्या सीमा खडूने आखायच्या.

शेवटी इंजिन जिथे लावतात ती मागची फळी. तिच्या पोटात बहुधा प्लाय असतो आणि इंजिनच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत जातं. बाहेर तिथे दोन-चार फोड असतात, रंगाचे वाटतात, लोक पुट्टी लावून मोकळे होतात. बोल्ट सैल करून भोकात तार घाला. तिला काळपट ओला भुसा लागून आला तर प्लाय कुजला आहे. इंजिन धरून वर-खाली हलवा, फळी किंचित जरी लवली तरी तेच. आष्टीकडून, अप्पर वर्ध्याच्या पाण्यातून आलेल्या अशाच एका बोटीला मालकाला फक्त "चार फोडांना रंग" मारून हवा होता, दुसऱ्या दिवशीच परत न्यायची होती. त्यांना एवढंच सांगितलं: काकाजी, आधी इंजिन उतरवा, प्लाय काढू, मग भाव बोलू.